वर केबिन, वरची केबिन

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं मशीन आहे. दवाखान्यात मला श्रवणयंत्र म्हणत असत, पण घरी त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. ‘माझं मशीन कुठे ठेवलंस?’ एवढीच काय ती माझी हाक. भिजवलेल्या वालाच्या दाण्याहून थोडा मोठा माझा देह आणि त्याला एक पारदर्शक नळी. देह कानामागे बसतो, नळी कानात जाते. माझी जीवनकहाणी मी सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो की मी वैतागलेलो आहे. सात वर्षं माणसाच्या कानात राहिल्यावर तुम्हीही वैतागला असता.

माझा जन्म एका स्वच्छ, थंडगार कारखान्यात झाला. तिथे मला हजार आवाज ऐकवून तपासलं. मग मी भाईंदरच्या एका दवाखान्यात आलो आणि तिथेच मला आत्मारामकाका शिगवण भेटले. मूळचे रत्नागिरीकडचे. छापखान्यात पस्तीस वर्षं मोठ्या मशीनशेजारी उभे राहून त्यांनी कान घालवले होते. दवाखान्यातल्या ताईंनी मला त्यांच्या उजव्या कानात बसवलं, तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, “पंख्याला आवाज असतो?” शेजारी त्यांच्या पत्नी हंसाकाकू बसल्या होत्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, “ऐकू येतंय का हो?” तर काका वळून म्हणाले, “ओरडतेस कशाला?” काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कितीतरी वर्षांनी त्यांना हळू बोलता आलं होतं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. बँकेत, लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये काका कान पुढे करून मला दाखवत. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की घराचा उंबरठा ओलांडून आत आलं की काका मला काढतात आणि डबीत टाकतात. कारण काय, तर “घरात काय एवढं बोलणं असतं? उगाच बॅटरी जाते.” आता सांगा, मित्रांनो, याला काय म्हणायचं? वाण्याचं, वॉचमनचं, कुठल्यातरी विमा विकणाऱ्याचं बोलणं ऐकायला मी कानात, आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचं बोलणं आलं की मी डबीत! मला कानामागे घालायचं असतं. काका बायकोचं बोलणं कानामागे टाकत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

आमचं घर मीरा रोडला पूनम सागरमध्ये, सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर जे कुटुंब राहतं त्यांचा लोखंडी पलंग रात्री एकदा करकरत भिंतीला लागतो आणि पहाटे पुन्हा मधे येतो. मधल्या वेळात त्यांचं कपडे धुण्याचं मशीन घरभर चालत फिरतं. काकूंनी त्यांना सांगून पाहिलं, सोसायटीला चिठ्ठी दिली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. काका मात्र मला काढून ढाराढूर झोपत आणि सकाळी विचारत, “तुझे डोळे का सुजलेत?” बावीस वर्षं काकूंची सलग झोप झालेली नव्हती. आता बीपीची गोळी मागे लागली होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, “गोळ्या वाढवून काही होणार नाही. तुम्हाला झोप पाहिजे.”

अशात लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांच्या मुलाने, पुण्याच्या दिपेशने, दोघांना क्रूझची भेट दिली. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. सगळ्यांनी विचारलं, समुद्र दिसणारी खोली ना? काकू फोनवर म्हणाल्या, “दिपू, समुद्र मी उत्तनला जाऊन बघीन रे. मला फक्त तीन रात्री कोणी उठवू नका.”

आणि हंसाकाकूंनी अभ्यास केला, बरं का! आमच्या गल्लीच्या तोंडाशी उत्तनची सुलू मासे घेऊन बसते. तिचा भाचा अशाच बोटीवर खोल्या आवरतो. तिने बोंबील साफ करता करता सगळं सांगून टाकलं. मी तेव्हा काकांच्या कानात होतो, पण काका शेजारच्या नारळवाल्याशी क्रिकेटवर बोलत होते.

“बाय, मी सांगते तशी खोली घे,” सुलू म्हणाली. “वर केबिन हाय, खाली केबिन हाय, आनि मधी आपन. वर पोहायचा तलाव न्हाय पायजे, जेवनाचा हॉल न्हाय, गाना-बजावना न्हाय. लिफ्ट लांब पायजे. आनि बाजूच्या खोलीत उघडनारा दरवाजा असंल तर ती घेऊच नको, पलीकडचा खोकला पन ऐकू येतो.”

काकूंनी ते पाठ केलं. मला त्याच क्षणी हायसं वाटलं. मी मूर्ख होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपेशचा फोन आला, की क्रूझवाल्यांच्या जेसल पार्कच्या ऑफिसात जाऊन आजच केबिन निवडा, थोड्याच उरल्यात. काकूंचा गुडघा धरला होता. “मी जातो ना, त्यात काय एवढं,” काका म्हणाले. त्यांनी नुकतीच दाढी उरकून मला डबीतून काढलं होतं, म्हणून मी त्यांच्या मुठीत होतो. मुठीत धरलं की मी शिट्टी वाजवतो, तो माझा स्वभावच आहे.

काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, “अहो, नीट ऐका. वर केबिनच हवी. लिफ्टजवळ नको. वर केबिनच हवी, लक्षात ठेवा.”

मी जिवाच्या आकांताने शिट्टी वाजवली. मला कानात घाला हो! पण काकांनी माझ्या बॅटरीचं दार उघडलं, मला गप्प केलं आणि म्हणाले, “हो हो, कळलं.” तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि काकू आत धावल्या. त्याच्या शिट्टीला किंमत आहे, माझ्या नाही. जिना उतरताना काकांनी मला ऐटीत कानात चढवलं आणि स्वतःशी पुटपुटले, “वरची केबिनच हवी, लिफ्टजवळ.”

ध चा मा झाला म्हणतात ना, तसं. फक्त इथे एक ‘ची’ घुसला आणि एक ‘नको’ गळाला.

जेसल पार्कच्या ऑफिसात नीरज नावाचा माणूस होता. त्याने बोटीचा नकाशा पडद्यावर उघडला. “अंकल, मिडल डेकला दोन आहेत, विंडो नाही. टॉपला एकच बाकी आहे, लिफ्टच्या एकदम बाजूला. आत्ता लॉक करू?”

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मीरा रोडला तीन घरं बदललेला माणूस तो! फ्लॅट बघायला आल्यासारखे ते नकाशावर वाकले. “टॉप फ्लोअर म्हणजे डोक्यावर कोणी नाही?”

“वरती स्विमिंग पूल आहे ना अंकल. मस्त एकदम.”

“पण वर राहत कोणी नाही ना?”

“राहणार कोण? पूल आहे.”

“झालं तर! आणि लीकेज?”

नीरजने पडद्यावरून मान वर केली. “काय?”

“अहो, टॉप फ्लोअरला दोनच त्रास असतात. पावसात गळतं आणि पाण्याला प्रेशर नसतं. तेवढं सांगा.”

“नाही अंकल, काहीच गळत नाही. शिप आहे ती.”

“मग द्या!” काका म्हणाले. मित्रांनो, प्रत्येक शब्द मीच त्यांच्या कानात पोचवत होतो. पूल, लिफ्ट, सगळं अगदी खणखणीत. माझं काम शब्द पोचवायचं. त्यांचा अर्थ पोचवायचं मशीन अजून कोणी बनवलेलं नाही. मी तरी काय कपाळ बडवणार!

घरी आल्यावर काकांनी छापील कागद काकूंपुढे ठेवला. “टॉप फ्लोअर! लिफ्टला लागून! तुझ्या गुडघ्याला बरं.”

काकूंनी कागद दोनदा वाचला. “मी काय सांगितलं होतं?”

“वरची केबिन हवी म्हणालीस.”

“वर केबिन हवी म्हणाले! आपल्या वर! आणि लिफ्टजवळ नको!”

“मग तसं नीट सांगायचं.”

“कोणाला सांगू? तुमच्या मुठीला?”

दिपेशने पुण्याहून खटपट केली, पण मधल्या मजल्यावरच्या दोन्ही केबिन तोवर गेल्या होत्या. बॅग भरताना काकूंनी काकांच्या बनियनमध्ये माझी डबी गुंडाळली आणि शेजारी आपल्या बीपीच्या गोळ्या ठेवल्या.

बोट मोठी झोकदार होती. खिडकीतून समुद्र दिसत होता आणि डोक्यावरून सगळी दुनिया चालत होती. पहिल्या रात्री वरचं गाणं-बजावणं संपेपर्यंत काकू जाग्या राहिल्या. पहाटे पाच वाजता वरच्या खुर्च्या ओढायला सुरुवात झाली, फरफर, फरफर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दर थोड्या वेळाने लिफ्टची टिंग होतीच. काका घोरत होते. नाश्त्याला ते म्हणाले, “काय शांत आहे गं इथे!” काकूंनी हातातला टोस्ट परत ताटलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू डोळ्यांवर ओढणी घेऊन पडल्या होत्या. वर कोणीतरी पाण्यात धपाधप उड्या मारत होतं, कोणी धावत होतं, कोणी टेबल सरकवत होतं. शेजारी काका निवांत झोपलेले. काकू उठल्या. त्यांनी डबी उघडली, माझ्यात नवी बॅटरी घातली, माझा आवाज पार टोकाला नेला आणि मला झोपलेल्या काकांच्या कानात बसवलं. एवढ्या हळुवारपणे मला कोणी कधी बसवलं नव्हतं.

काका तीन ताड उडाले. “काय पडलं? काय पडलं?”

“काही नाही पडलं,” काकू म्हणाल्या. “मी बावीस वर्षं जे ऐकतेय ना, ते आहे हे. ऐका जरा. काढायचं नाही.”

काकांनी माझ्याकडे हात नेला होता, तो तसाच खाली घेतला. ते छताकडे बघत बसले. खुर्ची ओढली गेली की त्यांचे खांदे आक्रसत. टिंग झालं की पापणी लवे. अर्ध्या तासाने खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “घरी पण असंच असतं?”

“घरी पलंग असतो,” काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी काकांचा राग आला आणि कीवही आली.

काका तडक रिसेप्शनवर गेले. तिथल्या मॅडमनी गोड हसून सांगितलं, की बोट फुल्ल आहे, एकही केबिन रिकामी नाही. काकांनी हात जोडून पाहिले, आवाज चढवूनही पाहिला. केबिन काही निघाली नाही.

त्या रात्री त्यांनी मला काढलं नाही. पहाटे पाचच्या आधी ते उठले, स्वेटर चढवला आणि वर स्विमिंग पूलपाशी गेले. दोन कामगार पाइपने फरशी धूत होते आणि खुर्च्यांची रांग लावायला निघाले होते.

“भाई, ओढू नका,” काका म्हणाले. “नीचे मेरी मिसेस सोयी है.”

“अंकल, रोज ऐसे ही करते हैं. बहुत सारी हैं.”

“मग मी उचलतो ना एका बाजूने. चल, पकड.”

आणि सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाने एकेक खुर्ची दुसऱ्या टोकाने उचलून जागेवर ठेवली. टेबलं उचलली. उजाडल्यावर लोक आले, तर हा म्हातारा त्यांच्या आधी धावायचा. “उचला हो, ओढू नका. धावू नका, बाळांनो. खाली माणूस झोपलंय.” काही हसले, एकाने तर त्यांना बोटीचाच नोकर समजून टॉवेल मागितला. काकांनी तोही आणून दिला. या गडबडीत पाइपचं पाणी माझ्या अंगावर उडालं, आणि पाणी म्हणजे आमचा काळ. माझा आवाज चिरकू लागला. तेव्हापासून मी असा अर्धा घसा बसल्यासारखा बोलतो.

मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. घरात कोणाकडे माझ्यासारखं मशीन असेल तर त्याला पाण्यापासून, घामापासून जपा. रोज कोरड्या फडक्याने पुसा, बॅटरी संपू देऊ नका. पण डबीत जपून ठेवायला मला कोणी बनवलेलं नाही. घरातलं माणूस बोलत असेल तेव्हा मला आधी कानात घाला. जपणूक त्यानंतर. त्या सकाळी मी भिजलो, बिघडलो, पण माझी काही तक्रार नव्हती, आणि माझ्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

साडेनऊला काका कमरेवर हात ठेवून, पाय घासत खाली आले. खोलीत काकू नुकत्याच उठून पलंगावर बसल्या होत्या. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी उमटलेली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि हळूच, अगदी पुटपुटल्यासारखं विचारलं, “आज वर कोणी नव्हतं का हो?”

माझ्यात पाणी शिरलेलं, अंगात खरखर भरलेली. तरी तेवढं एक वाक्य मी पुरं पोचवलं. काकांनी “काय?” म्हणून विचारलं नाही.

“मी होतो,” ते म्हणाले.