चार बोटं उंच सीट

वारलूचा राग आधी हातात उतरायचा, मग डोक्यात शिरायचा. सासष्ट वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. गोठ्यातल्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन त्याने खोललं तेव्हा चारही पिस्टन गंजून सिलिंडरला धरून बसले होते. आठ दिवस डिझेल ओतून ठेवलं, तरी ढिम्म हलेनात. नवव्या दिवशी त्याने सागाचा ठोकळा लावला, घण उचलला आणि इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ठोकायला सुरुवात केली. तळहाताची सालं निघाली, घणाचा दांडा रक्ताने निसरडा झाला, तरी थांबला नाही. दुपारी चौथा पिस्टन सुटला. तेव्हा मात्र हा गडी शेणातच फतकल मारून बसला आणि हमसून हमसून रडला.

रडण्याला कारण होतं. ही गाडी सव्वीस वर्षं गोठ्यात उभी होती, आणि ती तिथे का उभी होती हे सावली तालुक्यातल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तेव्हा वारलू मूल गावाहून चामोर्शीपर्यंत टॅक्सी चालवायचा. वाटेत नदीचा पूल. पुलाअलीकडे दारू चालू, पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात बंद. मागच्या सीटखाली दारूच्या पव्व्यांचे, म्हणजे चपट्या बाटल्यांचे, दोन थर आडवे, मध्ये पोतं, वर सवारी. असा त्याचा धंदा जोरात होता. एकदा त्याने आणलेला माल बनावट निघाला. त्यातली एक बाटली त्याने सासुरवाडीला धाकट्या साळ्याला, कोलूला, हौसेने दिली होती. सकाळी कोलूला दिसेनासं झालं. संध्याकाळी तो मेला.

तेरवीनंतर पंधरा दिवस गेले नाहीत तोच हा शहाणा पुन्हा माल घेऊन त्याच रस्त्याने निघाला. गावच्या बायांनी गाडी अडवली. पहिला दगड काचेवर पडला तो वारलूच्या बायकोचा, भागीरथाचा. वारलू इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल घेऊन उतरला आणि समोर कोण आहे ते न बघता हाणलं. भागीरथाचं डावं मनगट काडकन मोडलं. मग बायांनी त्याला जो धुतला! दात पडले, दोन बरगड्या गेल्या. पोलिसांनी त्याला आधी दवाखान्यात नेलं, मग कोठडीत.

भागीरथा त्याचं घर सोडून गेली नाही. दोन पोरी होत्या, धानाची शेती होती. तिने मनगट वाकडंच ठेवून भाकरी थापल्या, पोरी उजवल्या. पण त्या दिवसानंतर तिने नवऱ्याला एकही प्रश्न विचारला नाही. कुठे जाता नाही, कधी येता नाही, जेवलात का नाही. सव्वीस वर्षं बिनप्रश्नांच्या घरात राहून बघा म्हणजे कळेल.

आणि गेल्या दिवाळीत ती गोठ्याकडे बघत म्हणाली, "पुलापल्याड मार्कंड्याच्या जत्रेले जायचं हाय शिवरात्रीले. बसमध्ये आता चढवत नाई."

वारलूने विचारलं, "गाडीत बसशील?"

"बसन. पण एक थेंब जरी त्या गाडीत आला, तर मरताना तुमच्या हातचं पाणी मी तोंडात घेणार नाई."

एवढ्यावर म्हातारा कामाला लागला. रिंगा नव्या घातल्या. व्हॉल्व्ह हाताने घासले. कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून दाभणाच्या टोकाने एकेक भोक मोकळं केलं. गाडीच्या दाराचे गंजलेले स्क्रू उपटताना अंगठ्याचं नख गेलं, ते त्याने दातांनी ओढून थुंकलं. फक्त एका जागेला त्याने हात लावला नाही, ती म्हणजे मागची सीट. तिच्याखाली बघायचं म्हटलं की त्याला कोलूचे डोळे दिसायचे. खरं सांगायचं तर भित्रा होता. घणाला न भिणारा माणूस एका सीटला भ्यायला.

ते काम त्याने पुतण्याला, दिनेशला दिलं. दिनेशचं मूलला सीट शिवायचं दुकान होतं. तो घरी येऊन अंगणात बसला, जुनी रेग्झिन फाडली, स्प्रिंगा बांधल्या, काथ्या भरला, लालभडक कव्हर चढवलं. वारलूने त्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं, पोत्यावर भागीरथाच्या डोक्याच्या जागी तिचा पाणी भरायचा पितळी गुंड पालथा घातला, आणि समोरचा आरसा असा बसवला की गुंड बरोबर मधोमध दिसावा. सव्वीस वर्षांनी बायकोचा चेहरा आरशात बघायची हौस होती त्याला. ते बघून दिनेश खो खो हसला.

"मोठेबाबा, शिवरात्रीले मीबी येतो संगं. आदल्या दिवशी येऊन शेवटची शिलाई मारून देतो."

वारलूला त्यात काय वाटायचं? उलट बरंच वाटलं.

शिवरात्रीच्या सकाळी भागीरथा हिरवं लुगडं नेसून, बेलाची टोपली घेऊन मागे बसली. दार तिने वाकड्या हातानेच ओढून लावलं. दिनेश पुढे, वारलूच्या बाजूला. इंजिन पहिल्या फिरवणीत लागलं. वारलूने हँडल पायाशी ठेवलं आणि गाडी सोडली. काय चालली ती गाडी! गावातली माणसं दारात येऊन उभी राहिली.

सडकेला लागल्यावर त्याने आरशात पाहिलं. चेहरा नव्हता. गळ्यातले काळे मणी दिसत होते, हनुवटी दिसत होती. त्याने मान वळवून पाहिलं. भागीरथाचे पाय खाली टेकत नव्हते. सीट चार बोटं उंच झाली होती.

पव्व्यांचे दोन थर आडवे, मध्ये पोतं. बरोबर चार बोटं. हे माप जगात कोणाला माहीत नसेल, पण वारलूला होतं.

पुलाआधीच्या खड्ड्यात चाक आपटलं आणि सीटखाली काच किणकिणली.

"थांबवा जी," भागीरथा म्हणाली.

त्याने करकचून ब्रेक मारला. "सीटखाली काय हाय बे?"

दिनेश त्याच्या कानाशी आला. "हळू बोला. दर्शनाची गाडी हाय, म्हातारीले कोण उतरवते? चूप पूल पार करा."

वारलूने त्याची कॉलर धरली आणि स्वतःच्या बाजूच्या दारातून त्याला फरफटत सडकेवर आणलं. पहिला ठोसा नाकावर बसला. दुसरा तोंडावर. यात्रेच्या गाड्या बाजूने जात होत्या, माणसं माना काढून बघत होती, मध्ये कोणी पडेना. दिनेश जवान होता. त्याने गुडघा म्हाताऱ्याच्या पोटात घातला, खिशातलं सीट शिवायचं दाभण उपसलं आणि त्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसलं. वारलू गुरासारखा ओरडला. दाभण मांडीत तसंच ठेवून तो वाकला, गाडीतलं हँडल ओढलं आणि दिनेशच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा तोच जुना आवाज आला.

"मोठीआई!" दिनेश वारलूकडे बोट दाखवत, रक्त थुंकत किंचाळला. "यायलेच विचार! यायनंच ठेवाले सांगितल्या!"

आता वारलूच्या डोक्यातही राग शिरला होता. तिथे दुसरं काहीच उरलं नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी हँडल डोक्यावर उचललं. दिनेशची कवटी खाली होती, पिकलेल्या टरबुजाइतकी सोपी. आणि हँडल खाली यायला लागलं तेव्हा मध्ये एक मनगट आलं. डावं, वाकडं.

वारलूने सगळं अंग पिळलं. खांद्यात काहीतरी तुटलं. हँडल भागीरथाच्या बांगडीला घासून गेलं आणि गाडीच्या नव्या रंगवलेल्या दारात घुसलं. पत्रा फाटला. तो गुडघ्यांवर कोसळला.

भागीरथा त्याच्यासमोर उभी राहिली. बराच वेळ ती आपल्या मनगटाकडेच बघत होती.

"तुमी ठेवल्या?" तिने विचारलं.

सव्वीस वर्षांतला पहिला प्रश्न. वारलूला रडू फुटलं. "नाई. मी त्या सीटखाली हातच नाई घातला. हिंमतच नाई झाली."

"तवा विचारलं असतं, तं खोटं बोलले असते तुमी."

"हो."

"आज हात थांबला तुमचा," ती म्हणाली. मग दारात अडकलेलं हँडल तिने उजव्या हाताने हिसकून काढलं आणि मागची सीट उपटायला लागली. लाल रेग्झिन, काथ्या, स्प्रिंगा, सगळं तिने सडकेच्या कडेला फेकलं. पव्वे एकेक काढून दगडावर मांडले आणि फोडले. प्रत्येक घावाला ती काहीतरी पुटपुटत होती. जवळ उभ्या राहिलेल्या एका बाईला वाटलं, देवाचं नाव घेते. ती कोलूचं नाव घेत होती. तिच्या पोटऱ्यांना काचा लागून रक्त आलं, लुगडं भिजलं, पण शेवटचा पव्वा सोडून तिने एकही शाबूत ठेवला नाही.

"हा ठाण्यात दाखवाले," ती म्हणाली. "ह्या पोराले उचला. पयले दवाखाना, मग ठाणं. मार्कंडा काई पळून नाई जात."

दिनेशला पुढच्या सीटवर घातलं. तो हात पोटाशी धरून कण्हत होता. वारलूने मांडीतलं दाभण उपटलं, जखमेवर खांद्यावरचा दुपट्टा करकचून बांधला. मागे नुसता उघडा पत्रा होता. भागीरथाने त्यावर पोतं दुमडून टाकलं, बेलाची टोपली मांडीवर घेतली आणि बसली. तिचे पाय खाली टेकले.

वारलूने एका हाताने चाक धरलं. पत्र्यावर ती खाली गेली होती, म्हणून आरसा थोडा वाकवला. गुंड ठेवला होता तिथेच, बरोबर मधोमध, सुरकुतलेला, घामेजलेला चेहरा आला. ती त्याच्याकडेच बघत होती.

"समोर पाहून चालवा," ती म्हणाली.