लुगड्यावर ओव्हरकोट

मित्रांनो, मला पाहिलंत तर मी काय आहे हे तुम्हांला चटकन सांगता यायचं नाही. राखाडी पत्र्याची पेटी, पुढे भिंगाचं लांब नाक, पाठीला जाळी आणि शेपटीसारखी वायर. मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. आगपेटीएवढं पारदर्शक रंगीत चित्र पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून माझ्या पोटात सरकवलं, की समोरच्या भिंतीवर ते माणसापेक्षाही मोठं होऊन उभं राहतं. त्या चित्राला स्लाइड म्हणतात. माझ्या पोटात एक दिवा आहे आणि एक छोटा पंखा. दिवा चित्र उजळून भिंतीवर पाडतो आणि त्या दिव्याच्या धगीपासून पंखा चित्राला सांभाळतो. पंखा थांबला तर मी माझ्याच हातांनी चित्र जाळून टाकीन, ही भीती जन्मापासून माझ्या सोबतीला आहे.

माझा जन्म इंग्लंडचा, १९५५ सालचा. मला विकत घेतलं ते डॉक्टर अनंत वालावलकरांनी. मूळचे मालवणचे हे डॉक्टर पत्नी उत्तराबाई आणि चार वर्षांची जयंती यांना घेऊन उत्तर इंग्लंडमधल्या एका बाजाराच्या गावात राहायला गेले होते. भोवती डोंगर, डोंगरांवर चुना-सिमेंटशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेले मैलोन् मैल लांब गडगे आणि गडग्यांच्या आत मेंढ्या. दर बुधवारी गावच्या चौकात बाजार भरायचा. लिलाव पुकारणारा माणूस एका दमात इतकं बोलायचा, की छोटी जयंती त्याच्या तोंडाकडे पाहतच राहायची. डॉक्टर आजूबाजूच्या खेड्यांत रोगी पाहायला जात तेव्हा तिला गाडीत सोबत घेत. गळ्यात कॅमेरा असायचाच. परत आले की दिवाणखान्यातला दिवा मालवत आणि मला पेटवत. पहिल्यांदा मी पेटलो तेव्हा भिंत नाहीशी झाली आणि तिथे एक अख्खी टेकडी उगवली. हे आपण केलं, यावर माझा विश्वासच बसेना.

जयंती अकरा वर्षांची असताना उत्तराबाई न्यूमोनियाने गेल्या. त्यानंतर त्या घरात मी फारसा पेटलो नाही. पुढे काही वर्षांनी बापलेक बोटीने मुंबईला परतले. जयंतीचं लग्न मुलुंडच्या विद्याधर तोरसकरांशी झालं, आणि डॉक्टर वारले तेव्हा स्लाइडच्या डब्यांसकट मी तिच्या घरी आलो. आलो तो थेट माळ्यावर. शेजारी गणपतीचं मखर आणि फुटका स्टोव्ह.

जयंती मला खाली का काढत नव्हती, हे तिच्या बोलण्यातून मला पुढे कळलं. लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला तिने मोठ्या हौसेने सांगितलं होतं, की आमच्या गावी गारठलेलं मेंढीचं पिल्लू स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवत आणि मी त्याला बाटलीने दूध पाजायची. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकजण म्हणाली, “विलायतेच्या बढाया आम्हांला नको गं बाई.” त्या दिवसापासून जयंतीने स्वतःचं लहानपण मिटून ठेवलं. सासूबाईंना, म्हणजे मूळच्या मालवणच्याच रुक्मिणीबाईंना वाटायचं, सून गर्वाने बोलत नाही. सुनेला वाटायचं, त्यांना ऐकायचं नाही. चौदा वर्षं दोघी एका ओट्याशी वावरल्या, पण हा विषय काही निघाला नाही.

१९८४च्या मे महिन्यात जयंतीची दहा वर्षांची मुलगी अनुपमा कॅरमच्या सोंगट्या शोधायला माळ्यावर चढली आणि तिच्या हाताला मी लागलो.

“आई, हे काय गं?”

जयंतीने मला पाहिलं आणि ती तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसली. पदराने माझ्यावरची धूळ पुसत म्हणाली, “यात माझं गाव आहे.”

“मग दाखव ना!”

माझा दिवा केव्हाच गेला होता. दुरुस्तीसाठी भांडुपहून धाकू आला. तो रुक्मिणीबाईंच्या नात्यातला. गिरणीत फिटर होता, संपानंतर घरोघरचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचा. त्याने मला सगळा खोलला, झुरळांची घरटी काढली आणि चोरबाजारात दोन खेपा घालून जुना दिवा पैदा केला.

“एकच मिळालो, वयनी,” तो म्हणाला. “आनी पंखो म्हातारो झालो हा. एक चित्र जास्त येळ ठेव नको.”

रविवारी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. भिंतीवर चादर ताणली. शेजारपाजारची मुलं दाटीवाटीने बसली, त्यांच्या मागे धाकू. आत भट्टीसारखं उकडत होतं, सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा. जयंतीने पहिली स्लाइड सरकवली आणि बटण दाबलं.

मित्रांनो, कितीतरी वर्षांनी मी डोळा उघडला! चादरीवर बर्फाने झाकलेलं गाव उभं राहिलं. घरांची छपरं पांढरी, झाडं पांढरी, रस्ता कुठला आणि शेत कुठलं ते कळू नये असा पांढरा शुकशुकाट. घाम पुसायला वर गेलेले हात तसेच राहिले.

“ह्यां काय गो?” रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या. “मिठागरां?”

“बर्फ आहे तो, आजी!”

“एवढो?”

“खिडकीपर्यंत यायचा, आई,” जयंती म्हणाली. “एकदा सहा दिवस रस्ता बंद होता. बाबा ट्रॅक्टरवर बसून एका बाळंतिणीकडे गेले होते.”

“मग? सुटली ती?”

“मुलगी झाली. बाबांना त्यांनी एक हंस दिला. म्हणजे, हंस नव्हे... बदकाहून मोठं असतं ते.”

सगळी मुलं हसली, जयंतीही हसली. एकेक चित्र पुढे सरकू लागलं. गडगे आले, गवताच्या गंजी आल्या, चुलीजवळच्या खोक्यात झोपलेलं मेंढीचं पिल्लू आलं आणि त्याच्याशेजारी दुधाची बाटली घेतलेली दोन वेण्यांची जयंती. अनुपमा आळीपाळीने चादरीकडे आणि आईकडे पाहू लागली, जणू यांतली खरी कोणती ते तिला ठरवायचं होतं. मग बाजार आला. अंड्यांच्या टोपल्या, कोबीचे ढीग, खुराड्यांतल्या कोंबड्या.

“अगो, ह्यो तर आपल्या मालवणचो बाजार!” रुक्मिणीबाई पुढे सरकल्या. “ती अंडीवाली बघ, पाय पसरून कशी बसली हा!”

पुढची स्लाइड हातात घेऊन जयंती थोडी थांबली. मग तिने ती आत सरकवली.

त्याच बाजारात, मागे चर्चचा उंच मनोरा आणि पुढे अंडीवालीसमोर एक सावळी, ठेंगणी बाई उभी होती. काठापदराची साडी, साडीवर घोट्यापर्यंत पोचणारा ओव्हरकोट आणि पायांत रबरी बूट. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताची तीन बोटं वर.

“ही कोण?” अनुपमाने विचारलं.

“माझी आई.”

उत्तराबाईंचं हे एकच चित्र जगात उरलं होतं. लग्नातला फोटो मालवणच्या घरी वाळवीने खाल्ला होता आणि एरवी कॅमेरा दिसला की त्या लाजून पळत. या एका बुधवारी त्या भाव करण्यात इतक्या गुंतल्या होत्या, की डॉक्टरांनी साधून घेतलं.

रुक्मिणीबाई उठून चादरीजवळ गेल्या. “लुगड्यावर कोट घातल्यान,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. “आनी भाव करता हा बघ! परमुलखात, एकटी बाई!”

“इंग्रजी येत नव्हतं तिला,” जयंती सांगू लागली. “बोटांनीच सगळं. ‘टू मच’ एवढंच म्हणायची. पण ती अंडीवाली तिच्यासाठी एक अंडं जास्तीचं ठेवायची. आई गेली तेव्हा ती बुधवारचा बाजार सोडून आमच्या दारात येऊन बसली होती.”

जयंती बोलतच राहिली. चौदा वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं. आणि माझ्या पोटात पंखा अडखळला, दोनदा कुरकुरला आणि थांबला.

मी काय करणार होतो? मला ओरडता येत नाही. धग वाढत गेली. चादरीवरच्या उत्तराबाई किंचित थरथरल्या, धूसर झाल्या, तरी सगळे त्यांच्या चेहऱ्याकडेच पाहत होते. वरच्या कोपऱ्यात, चर्चच्या मनोऱ्यावर, तपकिरी ठिपका उमटला आणि पसरू लागला.

“वास येता!” धाकू ओरडला. “वयनी, काढ!”

जयंतीने चौकट ओढली. ती अडकली होती. ठिपक्याने मनोरा गिळला, आता तो ओव्हरकोटाच्या खांद्याशी आला होता. “निघत नाहीये! धाकूभावजी, निघत नाहीये!” धाकूने मुलांवरून उडी मारून प्लग उपटला. मी विझलो. आत माझा दिवा तडकला, ते मला ऐकू आलं.

अंधारात कोणीतरी घोंगडी खेचली. धाकूने स्क्रू काढले आणि भाजणाऱ्या बोटांनी स्लाइड अलगद सोडवली. ती हातात घ्यायचा जयंतीला धीर होईना. रुक्मिणीबाईंनी घेतली, खिडकीपाशी गेल्या, डोळे बारीक करून उन्हात धरली.

“आसा,” त्या म्हणाल्या. “तोंड आसा. तीन बोटां आसत. मनोरो गेलो तो जांवदे.”

जयंती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मुलांसमोरच रडली. रुक्मिणीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “एवढी आवस होती तुझी, आनी तू माका कधी सांगूक नाय?”

“तुम्ही कधी विचारलंच नाही, आई.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “ता माझा चुकला.”

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः विद्याधररावांना घेऊन घाटकोपरच्या एका स्टुडिओत गेल्या आणि त्या स्लाइडचा मोठा फोटो करून आणला. जळका कोपरा कापायला त्यांनी नकार दिला. तो फोटो आता बैठकीत, जयंतीच्या सासऱ्यांच्या फोटोशेजारी आहे.

माझा दिवा पुन्हा मिळाला नाही. मित्रांनो, याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते तेलाच्या एका थेंबाचं. वर्षातून एकदा कोणी माझ्या पंख्याला तो दिला असता, तर तो मनोरा आज जागेवर असता. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कोणी पडलं असेल तर त्याला खाली काढा, पुसा, तेल घाला. आणि तुमच्या घरात लांबून आलेलं एखादं माणूस गप्प बसत असेल, तर ते आपणहून बोलेल म्हणून वाट पाहू नका. जवळ बसा आणि त्याचं गाव विचारा.

आमच्या घरी हल्ली दुपारची जेवणं झाली की रुक्मिणीबाई स्लाइडचा डबा मांडीवर घेतात. एकेक चित्र उचलून खिडकीच्या उजेडात धरतात आणि हाक मारतात, “जयंती, हयसर ये गो. ह्या चित्रात तू केवढी होतंस?”