घर गहाण ठेवून घ्यायची घरगाडी

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. पुढे स्टिअरिंग, मध्ये शेगडी आणि मोरी, मागे पलंग. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, एका विक्रेत्याच्या आवारात, शेवटच्या रांगेत उभी आहे. माझी कहाणी ऐकून तुम्हाला दया येईल असं वाटत असेल, तर आधीच सांगते, मला दया नको. मला माणसांचा राग येतो. तो का येतो, एवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म इंडियानातला. मला घडवणारे आमिश लोक होते, दाढीवाले, काळ्या टोप्यांचे, घोड्याच्या बग्गीतून फिरणारे. स्वतःची मोटार बाळगणं त्यांच्या धर्मात बसत नाही. माझ्या कपाटांचे सांधे त्यांनी इतके नीट बसवले की दारं आजही कुरकुरत नाहीत. पण माझ्यात बसून कुठे जावं, असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही. ज्यांनी जन्म दिला त्यांनाच मी नको होते. माझा स्वभाव बहुधा तिथेच बिघडला.

माझा पहिला मालक फ्लॉइड. औषधांचं दुकान विकून त्याने मला घेतलं. माझं छप्पर अनेक तुकडे जोडून केलेलं आहे, आणि त्या जोडांवर रबरासारखा लेप असतो. उन्हाने तो तडकतो. फ्लॉइड दर वसंतात शिडी लावून वर चढायचा आणि गुडघे टेकून एकेक फट बुजवायचा.

शेजारी खालून ओरडायचा, "फ्लॉइड, बायकोला इतकं जपलं असतंस तर ती पळून गेली नसती!"

"ती गळत नव्हती रे," फ्लॉइड वरून म्हणायचा.

तो गेला आणि मी त्याच्या जावयाच्या वाट्याला आले. जावयाने मला अक्रोडाच्या झाडाखाली उभं केलं आणि विसरून गेला. त्याच्या नाताळच्या माळा, मोडक्या खुर्च्या, उंदीर, सगळं माझ्या पोटात. लेप तडकला. पाणी आधी थेंबाने आत आलं, मग धारेने. ते दिसलं नाही, कारण ते भिंतीच्या आतून उतरतं. वरचा पत्रा चकचकीत राहतो आणि आतलं लाकूड कुजतं. लेपाची एक नळी हॉटेलातल्या जेवणापेक्षा महाग नसते. तेवढी एक नळी जावयाला जड झाली.

मग लिलावात मला या आवारातल्या विक्रेत्याने, कर्टिसने उचललं आणि थेट वाळवंटात आणलं. का, ते लक्षात घ्या. इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि जिथे पाऊस नाही तिथे गळकं छप्पर कोणाला कळणार? कुजलेल्या भिंतीवर त्याने गुळगुळीत कागद चिकटवला. हिवाळ्यात उत्तरेकडची निवृत्त माणसं उबेसाठी इकडे येतात. ती परत जाईपर्यंत मी विकली गेले नाही, तर मला तोडायला पाठवणार, हे तो माझ्या दाराला टेकूनच फोनवर बोलला होता. म्हणून मलाही विकलं जायचं होतं, कोणाच्याही गळ्यात पडून.

अशात नेब्रास्काचे क्रुपिका नवराबायको आले. डेल सारा जन्म सरकारी गाडीने रस्त्यांवरचा बर्फ लोटत आला होता. मला पाहिलं आणि तो लग्नातल्या मुलासारखा लाजला. त्याची बायको आर्डिस शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. तिने माझ्याकडे कच्च्या मुलाच्या उत्तरपत्रिकेकडे पाहावं तसं पाहिलं. मला ती त्याच क्षणी नावडती झाली.

कर्जाचं जमेना. एका बँकेने सांगितलं, गाडी फार जुनी आहे. दुसरीने सांगितलं, पेन्शनच्या मानाने हप्ता जड होईल. तेव्हा कर्टिस खुर्ची पुढे ओढून गोड आवाजात म्हणाला, "मिस्टर क्रुपिका, गावातलं घर कर्जमुक्त आहे ना? मग त्यावर कर्ज काढा. व्याज कमी. सही मात्र दोघांची लागेल."

ते घर आर्डिसच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं होतं. म्हातारपणी तिच्या डोक्यावर तेवढं एकच पक्कं छप्पर होतं.

"घर जागच्या जागी राहील गं," डेल म्हणाला. "कागदावर फक्त."

"हप्ता चुकला की कागदच घर घेऊन जातो. आणि ही गाडी वर्षावर्षाला स्वस्त होणार. कर्ज नाही होत स्वस्त."

"वर्ग सुटलाय, बाई. घंटा झाली."

तरी ती उद्या सही करते म्हणाली. चाळीस वर्षांचा संसार होता, आणि वाद घालून ती थकली होती.

त्याच दुपारी डेल एकटाच परत आला. पलंगावर आडवा झाला, हात पसरले, आणि सहज त्याचा अंगठा कोपऱ्यातल्या भिंतीवर टेकला. भिंत भिजलेल्या पावासारखी आत गेली. तो ताडकन उठला. पुन्हा दाबून पाहिलं. दाराकडे नजर टाकली. मग अंगातलं जाकीट काढून त्याने तिथल्या खुंटीला अडकवलं, असं की तो खड्डा झाकला जावा. मी खूश झाले. वाटलं, हा माझ्या बाजूचा माणूस.

दुसऱ्या दिवशी आर्डिस आली ती हातात साबणपाण्याची फवारायची बाटली घेऊन.

"हे काय आता?" कर्टिस म्हणाला.

"सायकलच्या ट्यूबचं पंक्चर कसं शोधतात, माहीत आहे ना? तसंच. खिडक्या बंद करायच्या, आत हवा भरायची, वर साबण मारायचा. तुमचं धूळ उडवायचं यंत्र द्या."

"मॅडम, असलं कोणी करत नाही इथे."

"मग सहीही कोणी करणार नाही."

कर्टिसने यंत्र आणून जवळजवळ तिच्या पायावर टाकलं. खिडकीच्या फटीतून त्याची नळी घालून डेलने बटण दाबलं. माझं पोट फुगलं. आर्डिस मागच्या शिडीने वर चढली आणि गुडघे टेकून जोडाजोडावर फवारत गेली. मी श्वास रोखून धरला होता, पण श्वास माझ्या हातात कुठे होता? मागच्या कोपऱ्यातून बुडबुडे आले. एक नाही, रांगच्या रांग, फुगत आणि फुटत.

ती खाली उतरून सरळ आत गेली, त्या कोपऱ्याखाली, आणि जाकीट उचललं. कागदावर अंगठ्याएवढा खड्डा होता.

"हा काल सकाळी नव्हता," ती म्हणाली. "तुझा आहे, डेल. नखासकट."

"असेल."

"आणि वर जाकीट टांगलंस."

"टांगलं! कारण तुला दाखवलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. लग्नात तेवढं एकदा 'हो' म्हणालीस, त्यानंतर तुझ्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. सारा जन्म लोकांच्या दारासमोरचा बर्फ लोटला मी. एक गाडी मागितली, एक!"

"गाडीचं नाव काढू नकोस. कुजकं आहे हे तुला माहीत होतं आणि तरी माझ्या बापाचं घर तू यावर लावायला निघाला होतास. माझ्या हाताने." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ती गेली.

कर्टिसला घाई झाली होती. "बाईंना राहू द्या. तुमच्या एकट्याच्या सहीवरही कर्ज देणारा आहे माझ्याकडे. व्याज थोडं चढं. पंधरा वर्षांत फेडायचं."

"मी एकोणसत्तरचा आहे. तोवर ही टिकेल?"

कर्टिस हसला. "तुम्ही टिकाल का, ते बोला की."

 डेलने माझ्या स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, जाकीट उचललं आणि बाहेर पडला. त्यांची मोटार फाटकाशी सुरूच होती. आर्डिस समोर बघत बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. डेल दोन पावलांवर थांबला, मग मागचं दार उघडून टॅक्सीतल्या गिऱ्हाइकासारखा मागे बसला. तिने मोटार फाटकाबाहेर काढली. नेब्रास्का इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे.

घर वाचलं. त्यांच्यातलं दुसरं काही वाचलं की नाही, मला ठाऊक नाही. मी तर तिला शिव्याच देत होते. पण खरं सांगते, फ्लॉइडनंतर माझ्या छपरावर गुडघे टेकणारी तीच पहिली.

मित्रांनो, तुमच्या घरातली कुठलीही वस्तू असो, तिच्याशी गोड बोलू नका. तिचं गळकं ठिकाण वेळेवर बघा आणि वेळेवर बुजवा. नाहीतर ती माझ्यासारखी होते, म्हणजे कोणाचंही घर गिळायला तयार.

कर्टिसने भिंतीला नवा कागद लावला आहे. उद्या विस्कॉन्सिनचं एक जोडपं येणार आहे. फोटो पाहूनच बाईंना माझे पडदे फार आवडले आहेत म्हणे.