भोंग्याच्या घशातल्या तीन अक्षता

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. मोटारीचा. निवडणुकीतल्या भोंग्याशी माझं काही नातं नाही. त्याला वीज लागते, मला फक्त एक तळहात लागतो. अंगाने मी पितळी, तोंडाने धोत्र्याच्या फुलासारखा, आणि मागे मुठीत मावेल असा रबरी फुगा. फुगा दाबला की हवा आतल्या पातळ पत्तीवरून जाते आणि मी बोलतो. न दाबता मला बोलता येत नाही. या एका अडचणीमुळे गेल्या दसऱ्याला माझा जीव टांगणीला लागला होता. पण आधी मी कुणाचा, ते सांगायला हवं.

माझा जन्म नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात झाला, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. मला घडवणारा कारागीर खरा बँडची वाद्यं करणारा. मोटारी आल्या, तसा तो भोंग्यांकडे वळला. ही त्याची पदावनती होती, हे त्याने मला कधी विसरू दिलं नाही. फुगा बसवण्याआधी त्याने मला ओठांना लावून फुंकून पाहिलं. ‘बरा आहे,’ म्हणाला. आयुष्यातली ती माझी पहिली स्तुती, आणि बरीच वर्षं शेवटची.

मला विकत घेतलं वाउटर फान हेस्टेल यांनी. मोटारींच्या एका कारखान्याचे ते विक्रीप्रमुख. साहेबांच्या मते मोटारीत एकही दोष नव्हता. दोष होता तो रस्त्यात, कारण रस्त्यावर माणसं असत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी प्रत्येक गाडीला मोठा भोंगा लावायचा हुकूम काढला, आणि सगळ्यांत मोठा, म्हणजे मी, स्वतःच्या गाडीला लावला. कोंबड्या, पाद्री, शाळेतली पोरं, सगळे माझ्या आवाजाने बाजूला उड्या मारत. साहेब याला प्रगती म्हणत. मीही म्हणत असे.

एका सकाळी आम्ही न्यूनेन गावाकडे निघालो होतो. पुढे दुधाची घोडागाडी चालली होती. साहेबांना घाई होती. त्यांनी मला दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. घोडा उधळला, गाडी चरात गेली, आणि ती हाकणारी आना नावाची बाई चाकाखाली आली. मांडीचं हाड मोडलं. साहेबांनी तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं आणि आइंडहोवनच्या दवाखान्याची वाट धरली. सबंध वाटेत ती एकच वाक्य म्हणत होती, ‘ते वाजवू नका.’ साहेबांनी वाजवलं नाही. त्या दिवशी आम्ही कोंबड्यांसाठीसुद्धा थांबलो.

आना वाचली, पण लंगडी झाली. साहेब दर रविवारी फळं घेऊन तिच्याकडे जाऊ लागले. तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, ‘तुमच्या कारखान्यात गाड्या किती?’ साहेबांनी छाती पुढे काढून आकडा सांगितला. आना म्हणाली, ‘माझी आई तापाने गेली, तेव्हा डॉक्टरकडे न्यायला त्यातली एकही आली नाही. माझ्यासाठी आली, ती आधी मला पाडून.’

साहेब उठले. फळं द्यायची विसरून तशीच घरी घेऊन आले.

वर्षभरात त्यांनी खुर्ची सोडली. न्यूनेनला एक गॅरेज बांधलं, दोन गाड्या ठेवल्या आणि पाटी लावली: ज्याला डॉक्टरकडे जायचं असेल त्याने निरोप पाठवावा, गाडी फुकट येईल. कारखान्यातली मंडळी म्हणाली, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाच होता. पुढची एकतीस वर्षं ते स्वतः आजारी माणसं नेत-आणत राहिले. दारात पोचलं की मला हळूच दाबत. पूर्वी माझा आवाज ऐकून लोक पळायचे. आता दार उघडायचे.

म्हातारपणी त्यांनी गॅरेज एका संस्थेच्या नावे केलं आणि दस्तात एक कलम घातलं. दर वर्षी ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा ते सव्वाअकराच्या आत, नोटरीसमोर हा भोंगा तीनदा वाजला पाहिजे. न वाजल्यास, ज्यांना एक भोंगा सांभाळता येत नाही त्यांच्या हाती आजारी माणसं देऊ नयेत. गॅरेज विकून संस्था बंद करावी. साहेब आता भले गृहस्थ झाले होते, पण विक्रीप्रमुखाची दरडावायची सवय गेली नव्हती.

तेव्हापासून मी गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर होतो. वर्षातून एकदा पुसायचं, तीनदा वाजवायचं, परत टांगायचं. आवाज आल्यावर सगळे टाळ्या वाजवत. त्यानंतर वर्षभर माझ्याकडे कुणी बघत नसे. माझा फुगा कडक होत चालला होता, पण त्याची कुणाला चिंता नव्हती.

गेली तीन वर्षं माझी देखभाल यतीनकडे आहे. यतीन साताऱ्याचा, इथे चिप बनवणाऱ्या यंत्रांचा इंजिनिअर. त्याच्या कामाच्या जागी धुळीचा एक कण आत गेला तरी चौकशी बसते. दर शनिवारी तो संस्थेची गाडी चालवतो आणि मेव्राउ टूस, म्हणजे टूसबाई, यांना डायलिसिसला नेतो. टूसबाई एक्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांना दवाखाना चुकत नाही, आणि दोन बस बदलून जाण्याचं बळ आता त्यांच्यात नाही.

गेल्या वर्षी दसरा नेमका त्याच दुसऱ्या शनिवारी आला. यतीनने मला पॉलिश करायला घरी नेलं होतं. त्याची आई कुमुदिनीबाई तीन महिन्यांसाठी आली होती. तिला डच येत नाही आणि टूसबाईंना मराठी येत नाही, त्यामुळे दोघींचं छान जमतं. आदल्या आठवड्यात गॅरेजमध्ये टूसबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, ‘टूटर.’ डचमध्ये भोंग्याला टूटरच म्हणतात. कुमुदिनीबाईने मान डोलावली. ‘बघ यतीन, इथेही तुतारीच म्हणतात.’ यतीन फोनवर होता. त्याने ‘हं’ केलं. एवढ्या एका ‘हं’मुळे पुढचं सगळं घडलं.

दसऱ्याच्या सकाळी तिने यतीनचा लॅपटॉप, सायकल आणि मला पूजेला मांडलं.

‘आई, नुसतं कुंकू लाव हं.’

‘तू आंघोळीला जा. मला पूजा शिकवू नकोस.’

पाट नव्हता म्हणून मला भाजी चिरायच्या फळीवर उभं केलं, तोंड वर. ओलं कुंकू लागलं. शेवंतीचं फूल काठावरून घसरलं, अक्षताही घसरू लागल्या. ‘वाद्य आहे, त्याला घास तोंडातच द्यायला हवा,’ असं पुटपुटत तिने चिमूटभर अक्षता माझ्या तोंडात सोडल्या. नंतर मला आडवं केल्यावर बहुतेक सांडल्या. कुंकवाने ओल्या झालेल्या तीन मात्र घशातून खाली जाऊन पत्तीला चिकटल्या. मी मोजल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

यतीन, त्याची आई आणि मी गॅरेजवर पोचलो. अकराला पाच मिनिटं असताना नोटरीबाई सायकलवरून आल्या आणि त्यांनी घड्याळ काढून मेजावर ठेवलं. टूसबाई आधीच गाडीत बसल्या होत्या, बाराला दवाखान्यात पोचायचं म्हणून. चर्चमध्ये अकराचे टोले पडले.

‘वाजवा,’ नोटरीबाई म्हणाल्या.

यतीनने फुगा दाबला. फुस्स.

‘पुन्हा.’

फुस्स.

‘काल वाजत होता?’

‘काल पुसला होता.’

‘मी वाजत होता का, ते विचारलं.’

‘वाजवून नाही पाहिला,’ यतीन म्हणाला.

टूसबाईंनी गाडीची काच खाली केली. ‘यतीन, तो वाजला नाही तर मंगळवारी मला कोण नेणार?’

 नोटरीबाई म्हणाल्या, ‘दस्त मला बदलता येत नाही. सव्वाअकरापर्यंत थांबता येतं.’

यतीनने मला हलवलं, फोनचा उजेड तोंडात पाडला. पण माझा घसा वळणाचा आहे. वळणापलीकडचं दिसत नाही. मी सगळं जाणून होतो आणि एक अक्षर बोलू शकत नव्हतो. अकरा वाजून सहा मिनिटं.

‘यतीन,’ कुमुदिनीबाई हळूच म्हणाली, ‘मी अक्षता घातल्या त्यात.’

‘कशात?’

‘तोंडात. चिमूटभरच.’

‘तोंडात? का पण?’

‘तुतारी आहे ना ती? या बाईच म्हणाल्या. तू हं म्हणालास.’

यतीनने डोळे मिटून उघडले आणि नोटरीबाईंना सांगितलं, ‘आत तांदूळ अडकलाय.’

‘तांदूळ? का?’

‘धार्मिक कारणाने.’

नोटरीबाईंनी ते लिहून घेतलं.

आता फुगा काढण्यावाचून इलाज नव्हता, आणि फुगा तीस वर्षांचा होता. यतीनने तो हलके हलके पिळत ओढला. गळ्यापाशी चर्र झालं. त्याचा हात थबकला.

‘ओढ,’ आई म्हणाली. ‘आता थांबून काय होणार?’

फुगा निघाला. तिने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन सोडवली आणि मागून माझ्या घशात घातली. भिजून मऊ झालेली एक अक्षता टोकावर आली. अकरा दहा. यतीनने फुगा चढवला, चिरेवर अंगठा दाबून धरला आणि वाजवलं.

पों.

टूसबाईंनी श्वास सोडला. यतीनने पुन्हा दाबलं. पों! दुसरी अक्षता माझ्या तोंडातून सुटून थेट नोटरीबाईंच्या कागदावर आपटली आणि लाल ठिपका उमटला. त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. ‘दोन.’

तिसऱ्या दाबाला फुगा उभा फाटला.

यतीनने चिकटपट्टी गुंडाळली. हवा कडेने निघून गेली. अजून एक वेढा, तरी तेच. अकरा तेरा. नोटरीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. टूसबाई समोर बघत होत्या, मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरून.

‘दे इकडे,’ कुमुदिनीबाई म्हणाली.

‘आई, फुगा गेलाय.’

‘फुगा कोण मागतंय तुझ्याकडे?’

तिने फाटलेला फुगा उपटून फेकला, पदराने माझा गळा पुसला आणि मला ओठांना लावलं. चाळीस वर्षं ती साताऱ्यात रोज आरतीला शंख फुंकत आली आहे. ब्रेडाच्या त्या कारागिरानंतर मला कुणी ओठ लावले नव्हते. मी असा वाजलो की समोरच्या तीन घरांची दारं उघडली.

नोटरीबाईंनी दस्तातलं कलम पुन्हा एकदा वाचलं. मग लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, ‘तिसऱ्यांदा वाजला. अकरा वाजून चौदा मिनिटं. कसा वाजवावा, याबद्दल दस्तात काही नाही.’

टूसबाईंनी हात लांब करून गाडीचं पुढचं दार उघडलं आणि कुमुदिनीबाईला आत यायची खूण केली. यतीनने गाडी सुरू केली. बाराला पाच मिनिटं असताना ते दवाखान्यात होते.

मित्रांनो, आता मला नवा फुगा बसवला आहे. यतीन दर शनिवारी मला गाडीत घेतो आणि टूसबाईंच्या दारात एकदा वाजवतो. तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल, तर दसऱ्याला त्याला कुंकू जरूर लावा; मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? पण कुंकू लावण्याआधी एकदा वाजवून बघा, आणि दसरा नसतानाही बघा. माझ्या आत तीन अक्षता गेल्या होत्या, बाहेर दोन आल्या. तिसरी कुठे आहे ते मला ठाऊक आहे. मी दर आठवड्याला वाजतोय, तोवर ती गुपचूप कडेला पडून आहे. मला परत वर्षभर खिळ्यावर टांगलं, तर तिला पत्तीपर्यंत यायला तेवढा वेळ पुरेल.