निरूपण आणि आख्यान यांच्या मध्ये

कीर्तनात बुवांनी हात वर करून गाणं थांबवलं, तरी पेटी वाजतच राहिली. पुढच्या रांगा आधी हसल्या, मग गप्प झाल्या. पेटीवर सासूबाई होत्या. टाळवाल्यानं हलकेच हात धरला तेव्हा कुठे त्यांची बोटं थांबली.

"दादा, घरी जायचं का?" त्यांनी त्याला विचारलं. दादा म्हणजे त्यांचा भाऊ. तो देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

घरी आल्यावर मुलगा बायकोला म्हणाला, "आईचं डोकं आता चालत नाही. वयच झालंय, कोण काय करणार?"

"असं एका रात्रीत वय होतं का कुणाचं? परवापर्यंत तर माझ्या पोळ्यांना नावं ठेवत होत्या, तीही क्रमवार!"

पण दुसऱ्या दिवशीही त्यांचं तेच. स्वयंपाकघरात उभ्या राहून स्वयंपाकघर कुठे म्हणून विचारत. बुवांचा निरोप आला, 'त्यांना विश्रांती घेऊ द्या, पेटीला मी दुसरं कुणी बघतो.' तेवढा मात्र सासूबाईंना नीट कळला. त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. नवरा गेल्यापासून देवापुढे बसायची त्यांना पेटीमागची ती एकच जागा माहीत होती.

सून शिवणकाम करायची. धुवायच्या कपड्यांच्या तळाशी तिला एक ओला परकर कोंबलेला सापडला. उग्र वास येत होता. तिनं शिलाईचं काम तसंच ठेवलं आणि सासूबाईंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"लघवीला जळजळ? ताप?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तक्रार काहीच नाही. नुसत्या भ्रमिष्टासारखं करतायत."

"या वयात कधी कधी तेवढंच दिसतं. आधी लघवी तपासू."

तपासणीत निदान झालं, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग. रक्तही तपासलं. "मूत्रपिंडं वयोमानानं जरा मंदावलीत, त्या बेतानं गोळ्या देते. बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. पाणी किती पितात?"

"एरवी पितात. कीर्तन असलं की मात्र सकाळपासून घोटभरही नाही. मध्येच उठावं लागू नये म्हणून. आणि या महिन्यात रोजच कीर्तन होतं."

घरात सगळे याला निष्ठा म्हणत. शेजारणींना तर सून स्वतः कौतुकानं सांगायची.

"वर लघवी लागली तरी दाबून धरत असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतूंना मग बाहेर काढणार कोण?"

गोळ्या लागू पडल्या. एका सकाळी सासूबाईंनी हाक मारली, "अगं, माझा चष्मा कुठे नेऊन ठेवलास?" सुनेला इतकं बरं वाटलं की ती रागावायचंच विसरली.

पण सगळं ऐकून घेतल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाणी पिईन मी. पेटी मात्र सुटली. भरल्या सभेतून उठून मोरीवर जाऊ? त्यापेक्षा घरी बसलेली बरी."

सुनेनं बुवांनाच घरी बोलावलं आणि काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बुवा आधी लाजले, मग हसले.

"आजी, मलाही प्रॉस्टेटचा त्रास आहेच की! निरूपण संपलं की मी नामघोष धरतो. त्याला पेटी लागत नाही. तेवढ्यात तुम्ही जाऊन या. तुम्ही बसल्याशिवाय मी आख्यान लावणार नाही."

"सगळे बघतील."

"बघू देत. देवानंच दिलेला देह आहे, त्याच्या दारात त्याची लाज कसली?"

पुढच्या कीर्तनाला सासूबाई पाण्याची बाटली घेऊन बसल्या आणि खरंच प्यायल्या. निरूपण संपलं. नामघोष सुरू झाला, तरी त्या जागच्या हलेनात. बुवांनी डोळ्यांनीच खुणावलं. शेवटी त्या पेटीवर हात टेकून उठल्या आणि खाली मान घालून चालू लागल्या.

त्यांच्या मागोमाग पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. मग दुसरी. मग भिंतीला टेकलेले दोन आजोबा. दाराशी ही गर्दी!

"अहो सरका, पेटीवालीला आधी जाऊ द्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "नाहीतर आख्यान लागायचं नाही!"

त्या दिवशी बुवांना नामघोष बराच लांबवावा लागला.