भावाकडची नोकरी

आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता बरेच महिने तिला एकटीला सोडायचं नाही. उठवायला माणूस हवं, बसवायला माणूस हवं, संडासला न्यायला माणूस हवं. माणूस म्हणजे कोण, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. गरजच नव्हती. सगळे माझ्याकडेच बघत होते. सगळे म्हणजे माझा धाकटा भाऊ आणि खुद्द आई.

मी तेव्हा लॉन्ड्रीत कामाला होते. घरोघरच्या कपड्यांची नव्हे, मोठ्या हॉटेलांच्या चादरी धुणारी. ओली चादर इस्त्रीच्या मोठ्या रोलरमध्ये जाते, पलीकडून चटका बसेल इतकी गरम बाहेर येते, आणि दोघीजणी दोन टोकं धरून घडी घालतात. दिवसभर हेच. उभ्याने. घरी आले की पाय माझे नसायचेच. लग्न केलं होतं, ते टिकलं नाही, म्हणून परत आईकडे आले आणि तिथेच राहिले. दोन खोल्या, आई आणि मी.

धाकटा एका कंपनीत साहेब आहे. तो नेमकं काय करतो हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "ताई, मी स्ट्रॅटेजी बघतो." मी म्हटलं, बघ बाबा, आणि दिसली तर मलाही दाखव.

आम्ही एकाच खोलीत वाढलो, एकाच शाळेत गेलो. नोकरीला आधी मी लागले, त्यामुळे पहिली काही वर्षं माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त होता. खोटं नाही सांगत. मुलाखतीचा पहिला शर्ट त्याने माझ्या पैशांचा घातला. मग कानामागून आला आणि तिखट झाला. त्यात त्याची काही चूक नाही, पोरगा हुशार आहे. पण हुशारी काय दरवर्षी वाढते? पगार मात्र वाढतो. तसा तो माझाही वाढायचा, आणि गंमत अशी की दोघांचाही टक्क्यांत. "ताई, यंदा आम्हालाही सहाच टक्के दिले गं," असं तोंड पाडून सांगायचा. आता यावर काय बोलायचं? बरोबरच आहे, मलाही सहाच. माझ्या सहा टक्क्यांत बसचं वाढलेलं भाडं निघायचं. त्याच्या सहा टक्क्यांत माझ्यासारख्या दोघी-तिघी पगारावर ठेवता आल्या असत्या.

एक ठेवलीच त्याने. तेच सांगते आहे.

आईला घरी आणलं त्या संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. स्टुलावर, कारण खुर्ची आईच्या खोलीत नेली होती. एजन्सीला फोन करून त्याने दिवसभराच्या बाईचा महिन्याचा दर विचारला होता. तो आकडा त्याने इतका सहज सांगितला की मला वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. एका म्हातारीला उठवायचे-बसवायचे, चमच्याने भरवायचे जितके पैसे, तितके मला महिनाभर चादरींशी झुंजून मिळत नव्हते. नाकापेक्षा मोती जड!

"मग मी एक विचार केला," तो म्हणाला. त्याने विचार केला की मला धडकी भरते. "ताई, तू नोकरी सोड ना. तेवढेच पैसे मी तुला देतो. थोडे जास्तच देतो. परकी बाई घरात नको, आईलाही बरं, तुलाही बरं."

"म्हणजे तू मला पगार देणार?"

"पगार नाही गं. म्हणजे आपलं, दर महिन्याला."

"मग दर महिन्याला देतात त्याला काय म्हणतात रे?"

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि राग कशाचा आला, तेही धड सांगता येईना. त्याने कमी दिले असते तर सोपं होतं, भांडले असते. पण तो जास्त देत होता. इतकी वर्षं उभं राहून पायांच्या शिरा सुजवल्या, ती माझी अख्खी नोकरी त्याने चहा पिता पिता विकत घेतली, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. वर चेहऱ्यावर असा भाव, की बघ, ताईची किती काळजी घेतो मी. घेतही होता. तेच तर डोकं फिरवणारं होतं.

आतून आईचा आवाज आला. तिचं हाड मोडलं होतं, कान शाबूत होते. "जास्त देतोय ना? मग घे की गं! मी काय तुझ्या त्या चादरींपेक्षा जड आहे?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

"हो हो, कर ना. फक्त सोमवारपर्यंत कळव," तो म्हणाला आणि मग स्वतःच ओशाळला. बिचाऱ्याच्या तोंडात ऑफिस बसलेलं.

दुसऱ्या दिवशी आईजवळ शेजारणीला बसवून कामावर गेले आणि घडी घालताना माझ्या जोडीदारणीला सगळं सांगितलं. तिला आम्ही शिडी म्हणायचो, इतकी उंच. माणूस म्हणून मात्र जमिनीवरची.

"यात रडायचं काय आहे?" शिडी म्हणाली. "वेडी की काय तू? घे नोकरी."

"सख्ख्या भावाची?"

"मग परक्याची करतेयस ती काय सोन्याची आहे? आणि आईचं तू फुकट करणारच होतीस ना, नोकरी सांभाळून, अर्ध्या झोपेत? हे बघ, फुकट केलंस तर मुलगी म्हणून करशील, आणि मुलीला सुट्टी नसते. पैसे घेतलेस तर सुट्टी माग. आठवड्याची हक्काची. नोकरी करायची तर नोकरीसारखी कर."

मला ते पटलं. दुसरं काही सुचतही नव्हतं म्हणा.

धाकट्याला सांगितलं, "नोकरी घेते. पण रविवारी माझी सुट्टी. रविवारी तू यायचंस आणि आईचं सगळं तू करायचंस. सगळं."

तो हसायला लागला. "अगं ताई, आईपासून कसली सुट्टी?"

"आईपासून नाही. साहेबापासून."

तो आणखी हसला आणि हो म्हणाला. त्याला वाटलं मी विनोद केला.

झालं, लागले नोकरीला. नोकरीसारखी केली, अगदी शिडीने सांगितलं तशी. सकाळी आईला उठवायचं, तिचे हात माझ्या गळ्यात, माझे तिच्या काखेत, आणि एक-दोन-तीन. अंघोळ, औषधं, पायाचा व्यायाम, जेवण. धाकट्याचे फोनवर निरोप यायचे. "व्यायाम झाला का?" "आज किती चालली?" "फळं देतेस ना?" उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती! लॉन्ड्रीतला सुपरवायझर निदान समोर उभा राहून ओरडायचा. तरी मी सगळ्याला उत्तर द्यायची. पगार घेत होते ना.

आई मात्र बदलली. माझी आई म्हणजे तोफखाना. पूर्वी तिला पाणी हवं असलं की शेजाऱ्यांनाही कळायचं. "अगं ए, मेलीस की काय तिकडे?" ही तिची प्रेमाची हाक. ती आता म्हणायला लागली, "तुझं झालं की ये हं, घाई नाही." आधी मला वाटलं, आजारपणाने मऊ झाली. मग एकदा संध्याकाळी भांडी घासत होते, तर आतून बारीक आवाजात, "वेळ संपली का गं तुझी?" मी म्हटलं, "कसली वेळ?" तर म्हणाली, "काही नाही, राहू दे." तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी त्या दिवशी वैतागलेली होते. खरं तर रोजच होते.

आणि रविवार! रविवारी धाकटा यायचा, नाही असं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीभर फळं घेऊन यायचा. आईचा हात हातात घेऊन गप्पा मारायचा, आईचा चेहरा असा खुलायचा की सहा दिवस मी तिला अंधारात ठेवली होती जणू. आणि तिला संडासला जायचं झालं की दारात येऊन उभा. "ताई, जरा येतेस?" उशी सरकवायची झाली की, "ताई, जरा." फळं कापायची की, "ताई, सुरी कुठे आहे?" मग मीच कापायची. ही माझी सुट्टी. कसलं काय नि फाटक्यात पाय.

असे काही रविवार गेल्यावर एका शनिवारी मी फोनवर बजावलं, "उद्या मी आत पाऊलही टाकणार नाही. सकाळी लवकर ये आणि जबाबदारीने ये." "येतो गं ताई, नक्की," तो म्हणाला.

रविवारी उठल्यावर आईला एकदा संडासला नेऊन आणलं, चहा दिला, आणि सांगितलं, "आजपासून माझी खरी सुट्टी. आता तो येईल, त्याला सांग काय ते." आई म्हणाली, "बरं." मी केस धुतले. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पायांना तेल चोळलं. धाकटा आला नाही. मी फोन केला नाही. का करू? नोकराने साहेबाला फोन करून उठवायचं का? दोनदा उठावंसं वाटलं, पण आतून हाक आली नाही. म्हटलं, झोपली असेल. आणि समजा मी उठले असते, तर झालंच, पुढचे सगळे रविवार गेले. माझा हट्ट होता, हट्टच म्हणा.

तो आला तेव्हा ऊन पार स्वयंपाकघरात आलं होतं. "सॉरी ताई, काल उशिरापर्यंत मीटिंग चालली," म्हणत फळांची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि आत गेला. लगेच बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, आईची चादर ओली आहे. सगळीच ओली आहे गं."

मी धावले. आई टक्क जागी होती, छताकडे बघत. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं. वास खोलीभर पसरला होता. किती वेळ अशी पडून होती देव जाणे. कडा वाळायलाही लागल्या होत्या.

"अगं, हाक का नाही मारलीस?" मी किंचाळलेच. "मी भिंतीपलीकडे बसले होते ना! तोंड काय शिवलं होतं तुझं?"

"तुझी सुट्टी होती," आई म्हणाली. "मला वाटलं होतं, तो येईपर्यंत धरवेल."

मला ओरडायचं होतं, आणि कोणावर ओरडू ते कळेना. तिच्यावर? त्याच्यावर? ज्या बाईने आयुष्यभर माझ्या झोपेची पर्वा केली नाही, ती माझ्या सुट्टीसाठी ओल्यात पडून राहिली. मी पांघरूण काढलं, आणि दारात घुटमळणाऱ्या धाकट्याला म्हटलं, "ये. आज रविवार आहे. धर इकडून."

घाईत पायात तसेच राहिलेले बूट त्याने काढले. खरंच काढले. बाह्या दुमडायला लागला. पण आईने पटकन पातळ खाली ओढलं.

"त्याला नको," ती म्हणाली. "बाहेर बसू दे त्याला. आठवडाभर राबतो, एकच दिवस मिळतो बिचाऱ्याला."

"आणि मला गं? मला किती दिवस मिळतात?"

आईने माझ्याकडे बघितलं. माझा हात धरला, समजूत काढल्यासारखा, आणि अगदी हळू आवाजात, पोटची मुलगी आहे म्हणून नव्हे तर कामाची बाई सोडून जाऊ नये म्हणून बोलतात तसं म्हणाली, "तुला आजचे वेगळे द्यायला सांगते ना मी त्याला."

"हो ताई," धाकटा दारातून म्हणाला. इतकं मनापासून, इतकं सुटल्यासारखं! "अर्थात. देणारच की मी. डबल देतो."

दोघंही माझ्याकडे बघत होते. माझं भलं झालं असं दोघांनाही वाटत होतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी आईचा हात सोडवला आणि कपाटातून कोरडी चादर काढली.

"दार लाव," मी धाकट्याला म्हटलं.

तो लगेच बाहेर जाऊन दार ओढायला लागला.

"आतून," मी म्हटलं.