दप्तरातली साखर

मुख्याध्यापक साहेब, त्या नऊ वर्षांच्या पोरीला तुम्ही घरी बसवलंत. आजार समजून घेतला नाहीत, त्याला घाबरलात. "साखर ताब्यात आली की पाठवा," म्हणालात आणि मोकळे झालात. ताब्यात कशी आणायची, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

तर राजेश्वरी घरी बसली. कराडजवळच्या त्या गावात तिचं घर शाळेपासून इतकं जवळ की घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची. तिच्या अंगात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून रोज इंजेक्शन लागतं. एवढं तिला पाठ होतं. पण इंजेक्शन घेऊनही दुपारी साखर मोजायचं मशीन तीनशेच्या वर का जातं, हे कोडं काही सुटत नव्हतं.

आजोबा मानसिंग पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. आजार कळला त्याच दिवशी त्यांनी साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. घरादाराला हुकूम, साखर बंद. आणि नातीच्या भाकरीवर रोज सकाळी घरच्या गुऱ्हाळाची काकवी.

"कारखान्याची साखर वंगाळ. ही आपल्या रानातल्या उसाची, बिनकेमिकलची. हिनं कुणाला काय झालंय?"

मशीनच बिघडलंय म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं. एकशे दहा.

"माझं तर बरोबर दाखवतंय," ते पुटपुटले.

"मग माझंच कसं चुकंल, आबा?"

राजेश्वरी दोघांच्या ताटांकडं बघत राहिली. भाकरी एकाच तव्यावरची. आबांच्या ताटात मटकीची उसळ, ताक. तिच्या ताटात काकवीचं तळं.

"आई, उद्या मी आबांचं ताट खाते. बघू तरी मशीन काय म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन निम्म्यावर आलं. आबा म्हणाले, योगायोग. तिसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा त्यांनी काकवीची बरणी हातात घेऊन बराच वेळ निरखली.

"आपल्या घरची असून दगा दिला व्हय हिनं?"

"आबा, पोटाला काय ठावं ऊस कुणाच्या रानातला?"

आई तोंडाला पदर लावून हसली. सुभेदाराला एवढं सुनवायची घरात कुणाची छाती नव्हती.

हे ऐकून कराडच्या डॉक्टरबाई चिडल्याच. "साखर बंद म्हटल्यावर गूळ-काकवी चालते असं कोण म्हणालं?"

"चालत न्हाई असंबी कुणी म्हणालं न्हाई, बाई," आई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढून नीट सांगितलं. भाकरी खायची, पण रोज सारख्याच मापाची. सोबत उसळ, पालेभाजी, अंडं, ताक. उपाशी ठेवायचं नाही. पोरीसाठी वेगळी चूल मांडू नका, तिचं ताट तेच घराचं ताट. इन्सुलिनचा डोस त्यांनी बदलून दिला.

"आणि खेळताना रक्तातली साखर उतरू शकते. हात थरथरतील, घाम फुटेल. तेव्हा लगेच साखर पाण्यात घालून द्यायची. पुडी कायम दप्तरात हवी."

आबा चक्रावले. "म्हंजी आता साखरच औषध?"

"तेवढ्यापुरती, हो."

"उतरली की कसं वाटतं?" राजेश्वरीनं विचारलं. तिला ते आताच समजून घ्यायचं होतं.

परत येताना आबांनी स्वतः दुकानातून साखर घेतली. काही दिवसांत मशीनवरचे आकडे ताळ्यावर आले. डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन पोर शाळेत गेली. डब्यात भाकरी आणि मटकी, दप्तरात पुडी.

आणि साहेब, पहिल्याच दिवशी तुम्ही ती पुडी काढून घेतलीत. "डायबेटिसची पोरगी आणि दप्तरात साखर? घरच्यांना अक्कल हाय का न्हाई?" भर वर्गात बोललात, आणि पुडी ऑफिसच्या कपाटात घालून कुलूप लावलंत.

निरोप मिळाला तसे आबा आले. सोबत नात. टोपी काढली नाही, खुर्चीत बसले नाहीत. राजेश्वरी कपाटाच्या कुलपाकडं बघत होती.

"आवं सर, अक्कल आमाला उशिराच आली. ती ह्या पोरीनं दिली. आता तुमी एवढंच सांगा. खो-खो खेळताना हिचे हात थरथरले, आन् तुमी तालुक्याला मीटिंगला गेलेला असला, तर हे कुलूप कोण उघडणार? नाव सांगा त्याचं."